बाहेरून बॉडी किट मागवायचंय? आधी खोक्याचं माप माग

चोपड्याच्या एका पोराने विचारलंय. त्याच्याकडे २०१७ ची पोलो जीटी टीएसआय आहे, गाडी जिवापाड जपलीय, आता तिला बाहेरच्या देशातून बॉडी किट मागवायचं डोक्यात घेतलंय. पुढचं अख्खं बंपर, दोन्ही साइड स्कर्ट आणि मागचं बंपर असा सेट एका मेकरने आपल्या पैशात ६० हजाराला सांगितलाय, भाडं वेगळं, आणि विकणारा म्हणतो कस्टमची काळजी करू नका, आम्ही गिफ्ट लिहून पाठवतो. प्रश्न एवढाच की घ्यावं का, आणि गाडीला लागेपर्यंत खरंच किती पडेल.

भाऊ, जळगावात डेंटिंग-पेंटिंगचं काम करतोय त्याला २२ वर्षं झाली, त्यातली मागची १२-१३ वर्षं बाहेरून आलेली किटं माझ्याकडे बसायला येतात, जपान, तैवान, थायलंड, चीन, पोलंड, सगळीकडचा माल हाताखालून गेलाय. वयाने तू माझ्या पुतण्याएवढा असशील म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नको. उत्तर आधीच सांगून टाकतो, मग कारणं सांगतो. अख्खं बंपर बाहेरून मागवू नको. तुझं कंपनीचं बंपर आहे तसंच ठेव आणि त्याच्या खाली लागणारे पीस मागव, म्हणजे पुढचा स्प्लिटर (बंपरच्या खालच्या कडेची पट्टी), स्कर्टच्या पट्ट्या, मागचा डिफ्यूझर (मागच्या बंपरखालचा पीस), तेही एबीएस प्लास्टिकचे. गाडी जवळपास तशीच दिसते, पैसे पुष्कळ वाचतात, आणि उद्या मन बदललं किंवा गाडी विकायला काढली तर ती पुन्हा होती तशी करता येते.

किटची किंमत सगळेच बघतात, खोक्याचं माप कोणी विचारत नाही, आणि सगळं गणित तिथंच फसतं. विमानाने येणारा माल नुसत्या वजनावर मोजत नाहीत, जागेवरही मोजतात. कुरियरवाले खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणतात, त्याला ५००० ने भागतात, आणि खरं वजन आणि हे वजन यात जे जास्त निघेल त्याचं भाडं लावतात. एअर कार्गोला बहुतेक ६००० ने भागतात. आता बंपरचं खोकं धर १७५ बाय ६५ बाय ५०. गुणाकार ५,६८,७५०, भागिले ५०००, आलं जवळपास ११४. म्हणजे भाडं ११४ किलोचं, आणि आतलं बंपर तू एका हाताने उचलशील, सात-आठ किलोच्या वर नसतं. तुझ्या सेटमध्ये अशी दोन खोकी आहेत, स्कर्ट वेगळेच. त्यात एक बाजू फार लांब असली की कुरियरवाले ओव्हरसाइजचा चार्ज वेगळा लावतात. उलट स्प्लिटर, स्कर्ट आणि डिफ्यूझर एकात एक रचले तर १९० बाय ४५ बाय २० च्या चपट्या खोक्यात बसतात, त्याचे होतात ३४ किलो. म्हणून विकणाऱ्याला पहिला मेसेज हाच टाक की पॅक केलेल्या खोक्याचं माप काय, आणि किती खोकी. जो हे लगेच सांगतो त्याने खरंच माल पाठवलेला असतो. जो म्हणतो "डोन्ट वरी सर", त्याच्याशी पुढे बोलू नको.

समुद्राने मागवलं तर भाडं घनमीटरवर लागतं, एका कंटेनरमध्ये दहा जणांचा माल एकत्र येतो, आणि ते ऐकायला एकदम स्वस्त वाटतं. पण "न्हावा शेव्यापर्यंत भाडं आमचं" असं जे लिहितात ना, त्याचा अर्थ तेवढाच, बंदरापर्यंत. तिथून पुढे डिलिव्हरी ऑर्डर, टर्मिनलचं हँडलिंग, गोदामाचं भाडं, एजंटची फी, हे सगळं तुझ्या नावावर. धुळ्याच्या एका गिऱ्हाइकाला समुद्राचं भाडं साडेतीन हजार सांगितलं होतं, माल सोडवताना बिल आलं त्याच्या पाचपट, आणि कागद अपुरा होता म्हणून चार दिवस उशीर झाला तर त्याचं भाडं अजून वेगळं. एकट्या किटसाठी समुद्राच्या वाटेला जाऊच नको. तीन-चार मित्रांचा माल एकत्र असेल तर परवडतं, पण मग बंदरावरचा सगळा खर्च पैसे भरायच्या आधी एजंटकडून लेखी घ्यायचा. आणि लाकडी पेटीत येणार असेल तर त्या लाकडावर आयपीपीसीचा शिक्का लागतो, कीड मारण्यासाठी लाकडाला हीट ट्रीटमेंट दिली त्याची खूण असते ती, शिक्का नसला की पेटी तिथंच अडकते.

आता ड्यूटी. बंपर आणि बॉडीचे पार्ट एचएसएन, म्हणजे मालाच्या वर्गवारीच्या कोडात, ८७०८ मध्ये येतात. बेसिक कस्टम ड्यूटी १५ टक्के, त्या ड्यूटीवर १० टक्के सोशल वेल्फेअर सरचार्ज, आणि मालाची किंमत धरून या सगळ्याची बेरीज करून तिच्यावर आयजीएसटी, म्हणजे इम्पोर्टवरचा जीएसटी. हा आयजीएसटी आधी २८ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या पार्टला १८ झालाय, त्यामुळे जुने हिशोब कोणी सांगितले तर ते सोडून दे. सगळं मिळून ३७.४७ टक्के बसतं, पण कशावर? नुसत्या किटच्या किमतीवर नाही, किंमत अधिक भाडं अधिक विमा. इथं एक गोष्ट खूप कमी लोकांना माहीत आहे आणि एजंटही कधी कधी विसरतो. माल विमानाने आला तर ड्यूटीसाठी भाडं जास्तीत जास्त किमतीच्या २० टक्केच धरायचं असतं, तू खरं भाडं कितीही भरलेलं असो. म्हणजे तुझ्या ६० हजाराच्या किटला भाडं ४० हजार लागलं तरी ड्यूटीच्या हिशोबात १२ हजारच. विम्याचा कागद नसेल तर १.१२५ टक्के धरतात, ते झाले ६७५. बेरीज ७२,६७५. त्यावर बेसिक १०,९०१, सरचार्ज १,०९०, आयजीएसटी १५,२४०, एकूण ड्यूटी २७,२३१. हा आकडा कागदावर लिहून ठेव आणि बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टमचा ड्यूटीचा कागद, हातात आलं की ओळ न् ओळ ताडून बघ. समुद्राने आलं तर ही २० टक्क्याची सोय नाही, खरं भाडं धरतात.

आणि गिफ्टचं नाव काढू नको. डिसेंबर २०१९ मध्ये गिफ्टची सूट बंद झाली, राखी आणि जीव वाचवणारी औषधं तेवढी सोडून. म्हणजे गिफ्ट लिहून एक रुपया वाचत नाही, उलट सहा फुटाचं बंपर आणि वर गिफ्ट लिहिलेलं बघून अधिकारी खोकं बाजूला काढणारच. किंमत कमी लिहून पाठवतो म्हणणारा तर अजून वाईट. पकडलं तर माल जप्त होऊ शकतो, दंड लागतो, आणि तो विकणाऱ्याला नाही, तुला. शिवाय रस्त्यात माल फुटला तर भरपाई कागदावरच्या किमतीचीच मिळते. ६० हजाराचा माल ८ हजार लिहून आला आणि मोडला, तर हातात ८ हजारही धड येत नाहीत. स्वतःच्या गाडीसाठी एक सेट मागवतोयस तर इम्पोर्टचा आयईसी कोड लागत नाही, केवायसीला आधार लागतं, बिल आणि पैसे भरल्याचा पुरावा लागतो, बस. सरळ कागद ठेव.

काही पोरं जपानमधून वापरलेलं ओरिजिनल बंपर काढून मागवायचं म्हणतात, मनात ते असेल तर हेही ऐकून घे. वापरलेला माल आणायला सरकारचं लायसन्स लागतं, नव्यासारखा तो मोकळा येत नाही. एजंट "हो जातं सगळं" म्हणेल, अडकला की तोच फोन उचलणार नाही.

पण पैशाचं सगळं बरोबर केलं तरी पार्ट गाडीला बसला पाहिजे, आणि माझ्या अनुभवात जास्त रडारड तिथंच होते. भुसावळच्या एका गिऱ्हाइकाची २००८ ची सिव्हिक होती, पांढरी, एकदम स्वच्छ गाडी. त्याने बाहेरून फायबरचं पुढचं बंपर मागवलं, पानावर लिहिलं होतं सिव्हिक सेडान, २००६ ते २०११. गाडीचं नाव जुळलं, वर्ष जुळलं, त्याने पैसे भरले. माल आला तो त्याने घरीच उतरवून घेतला आणि हौसेने आधी भुसावळलाच रंगवून घेतला, मोत्यासारखा पांढरा, क्लिअर मारलेला, आणि मग बसवायला माझ्याकडे आणला. मी कंपनीचं बंपर उतरवलं, नवं धरलं, आणि हेडलाइटच्या खाली ते येईचना. बंपरची वरची कड एका आकाराची, आपल्या हेडलाइटची खालची कड दुसऱ्याच आकाराची, डाव्या बाजूला दोन बोटं आत जातील एवढी फट. अर्धा तास मी इकडून दाब तिकडून ओढ केलं, मग लक्षात आलं की हे जुळणारच नाही. अमेरिकेत विकलेल्या सिव्हिक सेडानचं तोंडच वेगळं होतं, हेडलाइट वेगळे, बंपर वेगळं, मडगार्ड वेगळे. आपल्याकडे आली ती आशियातली एफडी बॉडी. नाव एक, वर्ष एक, तोंड दोन. विकणाऱ्याने लिहिलं होतं तेच पाठवलं होतं, आणि रंगवलेला पार्ट कोणीही परत घेत नाही. त्या माणसाने ते बंपर शेडमध्ये भिंतीला टेकवून ठेवलं, नंतर दोन वर्षं मी भुसावळला गेलो की मला ते दिसायचं आणि वाईट वाटायचं, कारण त्याने मागवायच्या आधी मला एकदा विचारलं होतं आणि मी "येईल ना, सिव्हिकचंच आहे" असं म्हणून गेलो होतो. तेव्हापासून मी कोणालाही नावावर आणि वर्षावर हो म्हणत नाही.

तुझ्या पोलोत हीच खोच आहे. बाहेरचे मेकर पोलोसाठी जे पीस बनवतात त्यातले पुष्कळ जीटीआयच्या, म्हणजे पोलोच्याच जास्त ताकदीच्या मॉडेलच्या, बंपरसाठी असतात. तुझी जीटी टीएसआय आहे, जीटीआय नाही. जीटीआय आपल्याकडे २०१६ च्या शेवटी आली ती मोजून ९९ गाड्या आणि तीन दरवाज्यांची. तिचं बंपर वेगळं, त्याच्या खालच्या कडेचा बाक वेगळा, त्या बाकावर बनवलेला स्प्लिटर तुझ्या बंपरला मधोमध टेकेल आणि दोन्ही टोकांना उघडा राहील. शिवाय पोलोचं बंपर २०१४ च्या फेसलिफ्टला बदललं, २०१९ ला पुन्हा बदललं, म्हणून "पोलो, पाचवी जनरेशन" एवढ्या लिहिण्याला काही अर्थ नाही. कर एवढंच की गाडी सपाट जागी लाव, बंपरच्या खालच्या कडेला एका चाकाच्या कमानीपासून दुसऱ्या कमानीपर्यंत कापडी टेप धर, दर २० सेंटीमीटरला चिकटपट्टीची खूण कर, समोरून, बाजूने आणि खाली झोपून असे फोटो काढ, बंपरवरचा पार्ट नंबर मिळाला तर तोही, आणि हे सगळं मेकरला पाठवून विचार की याच बंपरला बसेल का. उत्तर फोनवर नको, लेखी. "बसेल" असं त्याने लेखी दिलं की नंतर पैसे परत मागायला तुझ्याकडे आधार असतो.

बंपरच बाहेरचं घेतलं तर अजून एक कटकट, नंबर प्लेट. आपल्या गाडीची प्लेट ५०० बाय १२० किंवा ३४० बाय २०० मिलिमीटर. युरोपात ५२० बाय ११० चालते, जपानमध्ये ३३० बाय १६५. त्या मापाचा खळगा बंपरमध्ये साच्यातच आलेला असतो. जपानच्या खळग्यात आपली लांब प्लेट मावत नाही, उभी मोठी प्लेट उंचीला मावत नाही, आणि एचएसआरपी वाकवायची नाही, कापायची नाही, तिचं लॉक तोडायचं नाही. मग तो खळगा फायबरने भरा, घासा, पुन्हा प्रायमर, म्हणजे दोन दिवसाचं काम वाढलं.

मटेरियलचं आता सांगतो, हे नीट वाच, कारण आपला उन्हाळा नगर-पुण्यासारखा नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो, आणि उन्हात उभ्या गाडीचा काळा पार्ट त्याहून कितीतरी जास्त तापतो, हात ठेववत नाही. कंपनीचं बंपर असतं पॉलिप्रॉपिलीनचं, पीपी म्हणतात ते. आपल्या जळगावच्या एमआयडीसीत चटया बनतात त्याही पीपीच्याच, म्हणून इथल्या पोरांना समजावणं सोपं जातं. चटईच्या कारखान्यात काम करणारा एक गिऱ्हाईक एकदा विकणाऱ्याने पाठवलेला सॅम्पलचा तुकडा घेऊन आला, म्हणाला एबीएस सांगितलंय, आहे का बघा. त्यानेच बादलीत पाणी घेतलं आणि तुकडा टाकला. तरंगला. पीपी पाण्यावर तरंगतं, एबीएस बुडतं. मग त्याने टोक पेटवून दाखवलं, मेणबत्तीसारखा वास आला, एबीएस असतं तर काळा काजळीचा धूर आला असता. पीपी वाईट नाही, दणका सोसतं, पण त्याच्यावर रंग सहज धरत नाही, आधी अ‍ॅडहिजन प्रमोटर, म्हणजे रंग धरून ठेवणारा थर, मारावा लागतो, नाहीतर पहिल्याच प्रेशर वॉशला रंगाचा पापुद्रा निघतो. म्हणून पार्ट कशाचा आहे हे पेंटरला आधी माहीत पाहिजे.

फायबर, म्हणजे काचेची मॅट आणि रेझिन, याला साचा स्वस्तात बनतो म्हणून छोटे मेकर सगळे फायबरमध्येच करतात. मोडलं तर इथं दुरुस्त होतं ही त्याची चांगली बाजू. पण घाईत साच्यातून काढलेला पार्ट पूर्ण पिकलेला नसतो. खोकं उघडलं की नाकात जाणारा तिखट वास आला, आतली बाजू हाताला चिकट लागली, तर समज की रेझिन अजून कच्चं आहे. असा पार्ट रंगवून गाडीला लावला की मे महिन्यात तो स्वतः वाकतो, मधे पोट काढतो, आणि रंगाखालून मॅटचे धागे दिसायला लागतात. मी काय करतो, फायबरचा कुठलाही पार्ट आला की न रंगवता गाडीवर त्याच्या जागी सगळ्या स्क्रूंनी पक्का आवळतो आणि चार-पाच दिवस गाडी उन्हात उभी करतो. जे काय वाकायचं, पिकायचं ते गाडीच्या आकारातच होऊ दे. आपलं ऊन इथं कामाला येतं. त्यानंतर खोलून साबणाने धुवायचं, साच्याचं मेण असतं वर, मग ग्रीस रिमूव्हर, मग घासून बारीक भोकं भरायची, मग प्रायमर. हे चार दिवस द्यायला गिऱ्हाईक तयार नसेल तर मी काम घेत नाही.

एबीएस मला आपल्याकडे जास्त आवडतं, मशीनवर बनतं म्हणून आकार सारखा येतो आणि फिटिंग लवकर होतं. फक्त एक ध्यानात ठेव, प्लास्टिक उन्हाने लांबतं. पावणेदोन मीटरची स्कर्टची पट्टी जानेवारीच्या पहाटे १० डिग्रीला आणि मे महिन्याच्या दुपारी उन्हात बघितली तर लांबीत पाच-सात मिलिमीटरचा फरक पडतो. तिला दोन्ही टोकांना घट्ट आवळलं की ती मधेच लाटेसारखी उचलते किंवा स्क्रूच्या भोकापासून तडकते. म्हणून मधला एक स्क्रू पक्का ठेवायचा आणि बाकीची भोकं लांबट करायची, खाली रुंद वॉशर टाकायचं, आवळताना पार्ट हाताने जरा सरकला पाहिजे एवढंच आवळायचं. नुसत्या दुहेरी टेपवर भरोसा ठेवायचा नाही. पारोळ्याच्या एका गाडीची पट्टी टेपवर होती, हायवेला ट्रकच्या मागे असताना सुटली आणि मागच्या मोटरसायकलवाल्याच्या पुढ्यात पडली. तो वाचला. पण त्या दिवसापासून माझ्याकडे स्क्रूशिवाय पट्टी लागत नाही.

उन्हाचंच अजून एक. किटच्या बंपरची जाळी दिसायला मोठी असते पण पुष्कळदा अर्धी बंद असते, नुसता आकार. रेडिएटर आणि एसीचा कंडेन्सर त्याच्या मागेच आहे. थंड देशात चालून जातं, आपल्याकडे मे महिन्यात दुपारी बाजारात गाडी रांगेत अडकली की आधी एसी गरम हवा फेकतो, मग काटा वर चढतो. स्प्लिटर खाली लागतो, तो हवेची वाट अडवत नाही, म्हणूनही मी तेच सांगतोय. स्प्लिटर लावल्यावर पुढची उंची किती राहते ते मात्र बघ. आपल्याकडच्या पोलोची उंची युरोपातल्यापेक्षा जास्त ठेवलेली आहे, म्हणून तीन-चार सेंटिमीटर गेले तरी चालतं, त्याहून खाली उतरणारा पीस घेऊ नको, गावातले स्पीडब्रेकर तुला माहीतच आहेत. आणि बंपरच्या आत जो फोम आणि लोखंडी बीम असतो तो काढल्याशिवाय किट बसत नाही असं कोणी सांगितलं तर ते किट घ्यायचंच नाही. तो फोम तुझ्यासाठी आणि समोर येणाऱ्या माणसासाठी आहे. फायबरचं बंपर धडकेत वाकत नाही, फुटतं, आणि त्याच्या कडा सुरीसारख्या निघतात.

कायद्याचं म्हणशील तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवरची माहिती आणि गाडी यात फरक पडेल असा बदल करायचा नाही, जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हे पक्कं केलंय, आणि नंतरच्या दुरुस्तीत एका बदलाला ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद असं आहे. बोल्टने लागणारी, निघणारी पट्टी आणि मडगार्ड कापून लावलेलं वाइडबॉडी यात माझ्या मते जमीन-अस्मानाचा फरक आहे. मडगार्ड कापलं की गाडीची रुंदी बदलली, परत येणं नाही. लिबर्टी वॉक, रॉकेट बनी या जपानी वाइडबॉडी मेकरांची कामं मलाही बघायला खूप आवडतात, पण रोज चोपडा-जळगाव करणारी गाडी मी कापून देणार नाही. इन्शुरन्स कंपनीला मात्र कळवून पॉलिसीवर नोंद करून घे, अ‍ॅक्सेसरीची किंमत दाखवून. क्लेममध्ये झीज धरून प्लास्टिकच्या पार्टला ५० टक्के कापतात, फायबरला ३०, हे धरूनच चाल.

पैसे कसे भरायचे. बँकेतून सरळ विकणाऱ्याच्या खात्यात ट्रान्सफर नको, गेले ते गेले. क्रेडिट कार्डने किंवा पेपलने भर, बँकेचा फॉरेक्सचा चार्ज साधारण तीन-साडेतीन टक्के जास्त जातो, जाऊ दे. पण तारखेकडे लक्ष दे. पेपलवर तक्रार करायला पैसे भरल्यापासून १८० दिवस मिळतात, माल आल्यापासून नाही. ऑर्डरवर बनवून देणारे मेकर कधी चार-चार महिने लावतात, त्यात समुद्राने एक महिना, कस्टममध्ये दोन आठवडे, माल हातात येईपर्यंत तुझी मुदत संपत आलेली असते. चाळीसगावच्या एका पोराचं असंच झालं, विकणारा दर आठवड्याला गोड बोलत राहिला, "नेक्स्ट वीक शिप", आणि १८० दिवस झाल्यावर बोलणं बंद. म्हणून तयार स्टॉक असेल तरच भर, किंवा कॅलेंडरवर १५० व्या दिवसाची खूण कर, त्या दिवशी माल हातात नसेल तर तक्रार टाकून द्यायची, विकणाऱ्याला वाईट वाटेल याचा विचार करायचा नाही.

माल मुंबईला सुटला की कुरियरने थेट घरी येत असेल तर उत्तम. ट्रान्सपोर्टने येणार असेल तर भिवंडीहून कसारा घाट चढून नाशिक, मालेगाव, धुळे करत येतो, तीन ठिकाणी चढ-उतार होते आणि लांब खोकं दिसलं की त्याच्यावर दुसरा माल रचतात. मेकरला आधीच सांग की कोपऱ्यांना थर्माकोल आणि पार्टच्या पोकळीत भरण टाक. खोकं आलं की सही करायच्या आधी चारही बाजूंचे फोटो, दबलेलं दिसलं तर पावतीवर "खोकं दबलेलं आलं" असं लिहून मगच सही. उघडताना एका दमात व्हिडिओ, न थांबवता. मग पार्ट गाडीवर धरून बघ, न रंगवता, चिकटपट्टीने लावून. फट किती, स्क्रूची जागा जुळते का, दोन्ही बाजू सारख्या आहेत का. त्या दिवशी तक्रार केली तर ऐकतात, पंधरा दिवसांनी कोणी ऐकत नाही. हे होईपर्यंत एमरी पेपरसुद्धा लावायचा नाही त्याला.

आता तुझा हिशोब. ६० हजाराचा सेट, दोन बंपरची दोन मोठी खोकी आणि स्कर्टचं तिसरं, ड्यूटी २७ हजार, भाडं विमानाने आलं तर किटच्या किमतीच्या आसपास जाऊ शकतं, वर इथलं फिटिंग आणि रंग. दीड लाखाच्या खाली हे पडत नाही, आणि बसेल याची खात्री नाही. चपट्या खोक्यातला एबीएसचा सेट घेतलास तर रंगवायचीही गरज नसते, काळाच चांगला दिसतो, मी एका दिवसात लावून देतो.

या रविवारी गाडी सपाट जागी लावून बंपरचं माप घे, फोटो काढ, खालून काढलेला फोटो विसरू नको, आणि मेकरला काही पाठवायच्या आधी मला दाखव. जीटीआयच्या बंपरचं माप माझ्याकडे लिहिलेलं आहे, शेजारी ठेवून बघू.